कर्व्यांचे पारडे

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर ‘समाजस्वास्थ्य’चे दोन जुने अंक सापडले. फराळाच्या ताटाशी हा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. पण संततिनियमन हा घरातलाच प्रश्न, तेव्हा घरातच बोललेला बरा.

र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून १९५३ मध्ये देह ठेवीपर्यंत हे मासिक चालविले. प्राध्यापकी गेली, खटले झाले. १९३४ साली डॉ. आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले.

या लेखनाचा मोठा गुण म्हणजे त्यात आडपडदा नाही. बाळंतपणांनी खंगलेल्या स्त्रीला कर्वे उपदेश करीत नाहीत, उपाय सांगतात. दोषही तिथेच आहे. गणिताच्या या प्राध्यापकाला माणसाचा संकोच म्हणजे निव्वळ अडाणीपणा वाटतो. विरोधकाला पटविण्यापेक्षा निरुत्तर करण्यातच लेखणी रमते.

तरी त्यांची खरी किंमत मला १९७६ सालाकडे पाहून कळते. त्या वर्षी महाराष्ट्राच्याच विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही, म्हणून ते कायदा झाले नाही, एवढेच. हेतू तोच, कुटुंब लहान ठेवण्याचा. पण कर्व्यांनी निर्णय जोडप्याच्या, त्यातही स्त्रीच्या हाती दिला होता. विधेयक तो सरकारच्या हाती देऊ पाहत होते. कोणतीही नवी रीत तोलताना मी आता एवढेच विचारतो : ‘नको’ म्हणण्याची मुभा आहे ना?

अंक पुन्हा माळ्यावर टाकले नाहीत. सुनेने मागून घेतले.