खिशातले युद्ध

अंतराळातल्या एका तटस्थ वसाहतीवर अचानक लढाई होते. मोठी माणसे जीव मुठीत धरून पळतात. शाळेतली मुले मात्र नंतर कोणाला किती काडतुसे सापडली याची चढाओढ लावतात. ‘मोबाइल सूट गंडम ००८०: वॉर इन द पॉकेट’ ही सहा भागांची जपानी मालिका इथून सुरू होते, आणि तिचा खरा विषयही हाच आहे. युद्ध नव्हे, युद्धाची आवड.

माणूस आत बसून चालवतो त्या महाकाय यंत्रमानवांना जपानी ‘मेका’ म्हणतात. या कथाप्रकाराचे आणि खेळण्यांच्या धंद्याचे नाते पहिल्यापासून उघड आहे. १९७९ची मूळ ‘गंडम’ दूरदर्शन मालिका ४३ भागांत आटोपती घ्यावी लागली. तिला खरे आयुष्य मिळाले ते १९८०पासून बांदाईने काढलेल्या प्लॅस्टिकच्या जोडणी-संचांमुळे. १९८३च्या ‘डॅलॉस’पासून थेट व्हिडिओवर मालिका काढण्याची वाट खुली झाली. आता दर आठवड्याला नवा यंत्रमानव दाखवण्याची सक्ती उरली नाही. १९८९ साली दिग्दर्शक फुमिहिको ताकायामा आणि पटकथाकार हिरोयुकी यामागा यांनी ही मोकळीक पुरेपूर वापरली. मूळ निर्माते योशियुकी तोमिनो यांच्या दिग्दर्शनाबाहेरचे हे पहिले ‘गंडम’.

नायक आल्फ्रेड हा शाळकरी मुलगा. आईवडील वेगळे राहतात, अभ्यासात लक्ष नाही, झिऑनच्या ‘झाकू’ यंत्राचे वेड. पडलेल्या झाकूतून त्याला भेटतो बर्नी, विशीच्या उंबरठ्यावरचा नवखा सैनिक. बर्नी मोठेपणाच्या थापा मारतो, आल त्या गिळतो. बर्नीच्या तुकडीला संघराज्याचा नवा गंडम नष्ट करायचा आहे. त्या गंडमची चाचणी-चालक क्रिस ही आलची शेजारीण. हे बर्नीला ठाऊक नाही, क्रिसला नाही, आललाही नाही.

तुकडी संपते. वसाहतीवर अण्वस्त्र पडणार, असे बर्नीला कळते. तो पळून जाऊ शकला असता. तरी नाताळच्या दिवशी, सांताक्लॉजचे फुगे आणि धूर यांच्या आडोशाने, मोडक्या झाकूत बसून गंडमला सामोरा जातो. अण्वस्त्राचे जहाज आधीच पकडले गेले आहे, हे कळून आल धावत सुटतो. तो पोचतो तेव्हा झाकूची कुऱ्हाड गंडमचे मुंडके उडवते आणि गंडमची तलवार झाकूच्या पोटातून आरपार जाते. पहिल्या भागात ज्या दृश्यासाठी आल आसुसला होता, तेच हे दृश्य.

एक उणीव मात्र खटकते. क्रिसला मनच दिलेले नाही. जिच्या हातून हे मरण घडते, तिचे अज्ञान केवळ आलचे ओझे वाढवण्यासाठी राखले आहे. निरोप घेताना ती ‘बर्नीला माझा नमस्कार सांग’ म्हणते आणि आल मान डोलावतो. प्रसंग जबरदस्त आहे, पण तो सगळा आलचा.

शिवाय, याच मालिकेतल्या झाकूचे संच बांदाईने विकलेच. माझ्या मते यात ढोंग नाही. तो संच विकत घेणारा मुलगा म्हणजे पहिल्या भागातला आल, आणि मालिका त्याच्याशीच बोलते.

शेवटी शाळेच्या मैदानावर मुख्याध्यापक युद्धाबद्दल बोलत असतात. आलला हुंदका आवरत नाही. मित्रांना वाटते, लढाई संपली म्हणून रडतोय. ते त्याची समजूत घालतात: रडू नकोस, लवकरच दुसरे युद्ध होईल, याहून मोठे, याहून झकास.