टिंबावर तुटलेले वाक्य

आज्ञावली लिहिणारा कामाच्या ओघात तिच्यातच टिपा लिहून ठेवतो. त्या टिपा वेचून माहितीपुस्तिका रचणारी साधने आहेत. दिमित्री व्हान हीश यांनी 1997 मध्ये पुढे आणलेले 'डॉक्सिजन' हे त्यांपैकी एक. ते फुकट मिळते आणि शाळा-कॉलेजच्या प्रकल्पांनाही उपयोगी पडते. तरी आमची त्याच्याविषयी तक्रार आहे, ती उदाहरणानेच सांगतो.

गोंदिया जिल्ह्यातल्या बोदलकसा तलावाच्या पातळीवरून पाणीसाठा काढणारे एक फंक्शन सी प्लस प्लसमध्ये लिहिले. वर टीप दिली: 'बोदलकसा तलावाचा साठा द. ल. घ. मी. मध्ये देते.' पुस्तिका काढली, तर फंक्शनचा पत्ताच नाही! कारण असे, की क्लासबाहेरच्या फंक्शनची टीप घ्यायची तर त्या फाइललाही स्वतःची टीप लागते. नियम डॉक्सिजनच्या माहितीत दिलेला आहे, पण नवखा माणूस तो वाचण्याआधी 'एक्स्ट्रॅक्ट ऑल' हा पर्याय चालू करून मोकळा होतो. पान भरते खरे, पण 'येथे टीप नाही' हा इशारा साधन त्याच क्षणी देईनासे होते. ताप मोजायला नको म्हणून थर्मामीटरच फोडावा, तशातला हा प्रकार.

आता फंक्शन दिसले. मात्र यादीतला सारांश एवढाच: 'बोदलकसा तलावाचा साठा द.' पहिल्या टिंबाशी सारांश संपवणारा पर्याय चालू असला, की टिंबापुढची मोकळी जागा म्हणजे वाक्याचा शेवट, असे धरले जाते. मराठी संक्षेपांचे काय, हा विचार तेथे कोणी केलेला नाही. दोष शोधायचा तर फाइलीत एकच फंक्शन ठेवावे, टीप शब्दाशब्दाने छाटावी आणि वाक्य कोठे तुटते ते पाहावे. टिंबानंतर उलट तिरकी रेघ व मग मोकळी जागा दिली, की ते जुळते. सारांशाआधी 'ब्रीफ' ही खूण दिली, तर तो परिच्छेद संपेपर्यंत चालतो. आम्ही सरळ 'दलघमी' लिहिले.

खरी अडचण याच्या पुढची. टिपेत चुकून 'टीएमसी' पडले असते तर? एक टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट, सुमारे 28.3 दलघमी. बोदलकसाचा साठा 17 दलघमीच्या आसपास. वाचणाऱ्याच्या लेखी तो अठ्ठावीस पट झाला असता. फंक्शनला द्यायच्या राशीचे नाव टिपेत चुकले तर डॉक्सिजन हटकते, एकक चुकले तर चकार शब्द काढत नाही. ते त्याला कळावे, अशी आमची अपेक्षाही नाही. पण चुकीचे एककही ते त्याच नीटस तक्त्यात मांडते, आणि विद्यार्थी छापील पानावर लगेच विश्वास ठेवतो.

म्हणून प्रकल्प तपासताना आम्ही पुस्तिकेबरोबर इशाऱ्यांची फाइल मागतो, आणि एका पातळीचे उत्तर फळ्यावर एककासह करून घेतो.