टिळकांचा टाळ आणि फोन्सेकांची मरिया

मराठी ख्रिस्ती साहित्याची चर्चा बहुधा रेव्हरंड नारायण वामन टिळकांपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. आंजेलो द फोन्सेका या चित्रकाराविषयी बोलताना गोवा, पोर्तुगीज राजवट आणि बंगाली चित्रपरंपरा यांचाच आधार घेतला जातो. पण या दोघांना जोडणारा धागा अहमदनगर आणि पुण्यातून जातो. तो हाती धरला की एक प्रश्न समोर येतो. टिळकांची पदे मराठी ख्रिस्ती मंडळ्यांनी आपलीशी केली. फोन्सेकांच्या मरियेला मात्र चर्चच्या भिंतीवर जागा मिळण्यासाठी ताटकळावे लागले. असे का झाले?

आधी धागा. टिळकांनी 1917 मध्ये अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्या पण बाप्तिस्मा न घेतलेल्या माणसालाही त्यात जागा होती. मिशनच्या दृष्टीने ही मोठीच आगळीक. 1919 च्या मे महिन्यात टिळक मुंबईत जे. जे. रुग्णालयात वारले आणि दरबार ओसरला. मात्र अहमदनगर भागात काम करणाऱ्या जॅक विन्स्लो या इंग्रज अँग्लिकन पाद्र्यावर त्याचा ठसा उमटला होता. त्यांनी 1922 मध्ये ‘ख्रिस्त सेवा संघ’ स्थापन केला, 1923 मध्ये टिळकांचे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केले आणि 1927 मध्ये संघाचा आश्रम पुण्यात आणला. खादी, जमिनीवरची पंगत, देशी चालीची उपासना आणि मुख्य म्हणजे इंग्रज व हिंदी माणसांनी बरोबरीने एका छपराखाली राहणे, हा त्या आश्रमाचा क्रम होता.

या सहवासाला ‘शांतिकार्य’ म्हणणे मला अतिशयोक्तीचे वाटत नाही. राज्यकर्त्या जमातीचा धर्मोपदेशक जितांच्या पंगतीला मांडी घालून बसतो, ही त्या काळात राजकीय कृती होती. आश्रमात दाखल झालेले तरुण व्हेरिअर एल्विन गांधीजींकडे ओढले गेले. विन्स्लो आणि एल्विन यांनी मिळून हिंदी स्वातंत्र्याच्या बाजूने लिहिलेले पुस्तक 1931 मध्ये निघाले. एल्विन पुढे गोंडांमध्ये गेले आणि चर्चपासून दुरावले, पण तो निराळा विषय.

याच आश्रमाने फोन्सेकांना घर दिले. 1902 मध्ये गोव्यातील सांत इश्तेव्ह येथे जन्मलेले फोन्सेका मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले. तिथली युरोपीय वळणाची शिकवण त्यांना रुचली नाही, म्हणून ते बंगालमध्ये अवनींद्रनाथ टागोर आणि नंदलाल बोस यांच्याकडे गेले. परतल्यावर त्यांनी गव्हाळ वर्णाची, साडी नेसलेली मरिया रंगवली आणि गोव्यात काहूर उठले. देवमातेला देशी बाई केल्याचा राग पोर्तुगीज अधिकाऱ्यांइतकाच आपल्याच भाविकांना आला. एका कॅथलिक चित्रकाराला अँग्लिकन आश्रमात आसरा मिळावा, ही दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या कितीतरी आधीची गोष्ट आहे. मुंबईत सेंट झेवियर्सच्या फादर हेरास यांनी त्यांना पाठबळ दिले, ही चर्चच्या आतून आलेली थोडी उब.

आता मूळ प्रश्न. मी लालबागचा. आमच्याकडे गणपतीने स्वातंत्र्याच्या काळात पुढाऱ्यांचा वेश घेतला, तरी देव बाटल्याची तक्रार झाली नाही. मूर्तिकार, वर्गणीदार आणि भाविक एकाच चाळीतले असतात, हे त्याचे कारण. टिळकांच्या पदांचे तसेच झाले. नगरकडच्या मंडळ्यांचे कान ख्रिस्ती होण्याआधीच अभंग-ओवीने घडलेले होते. टिळकांनी त्या कानांना ओळखीची चाल दिली, ‘उपासना संगीत’ हे पुस्तक घरोघर गेले आणि दर रविवारी पदे गायली जाऊ लागली. गाणे गाणाऱ्याच्या तोंडात राहते, ते टांगायला कोणाची परवानगी लागत नाही.

चित्राला भिंत लागते आणि भिंतीला मालक असतो. फोन्सेकांच्या समाजाची नजर वेगळ्या मूर्तींवर वाढली होती. धोबीतलाव-माझगावच्या गोवेकरी कुडांत खलाशी आणि आचारी ज्या वेदीपुढे गुडघे टेकत, तिथले संत युरोपीय चेहऱ्याचे होते. गाव सोडून आलेल्या माणसाला तो चेहराच गावचा वाटे. त्याला ‘परकीय अनुकरण’ म्हणणारे समीक्षक त्या माणसाची भक्ती समजून घेत नाहीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

एक खोच याहून अवघड आहे. फोन्सेकांच्या जलरंगांतला भारत फार निवांत आहे. रेषा लवचिक, डोळे मिटलेले, सगळीकडे अजिंठ्याची मंद सावली. चित्रे सुंदर आहेत, यात वाद नाही. पण गिरणगावात वाढलेल्या नजरेला त्यात घाम दिसत नाही. आश्रम, गुरू, ध्यान ही प्रतिमासृष्टी उच्चवर्णीयांची. नगर जिल्ह्यातल्या मंडळ्या मात्र प्रामुख्याने महार-मांग समाजातून आलेल्या. अरविंद निर्मल यांनी 1981 मध्ये शूद्र ईश्वरविद्येची मांडणी केली, तेव्हा ‘भारतीय’ म्हणजे कोणाचे, हाच सवाल होता. टिळकही चित्पावन ब्राह्मण, पण अभंगात चोखोबा आधीच होता, म्हणून त्यांची सुटका झाली. फोन्सेकांच्या शैलीत असा चोखोबा मला सापडत नाही.

याच प्रश्नाचे एक वेगळे उत्तर लालबागपासून फार दूर नाही. बसवाले ज्याला ‘पोर्तुगीज चर्च’ म्हणून हाक देतात, ते दादरचे चर्च मूळ 1596 चे. 1970 च्या दशकात चार्ल्स कोरिया यांनी त्याची नवी वास्तू उभारली. कमळे नाहीत, कळस नाही. काँक्रीटची कवचे आणि उघड्या आकाशाखालची अंगणे आहेत. वारा आत येतो, मिस्सेला आलेली माणसे अंगणात रेंगाळतात. भारतीयपण इथे वेशात नसून हवेत आणि वावरात आहे. सुरुवातीला या रूपालाही नाके मुरडली गेली असतील, पण लोक रोज त्या जागेत वावरले आणि ती त्यांची झाली.

फोन्सेका 1967 च्या डिसेंबरात पुण्यात वारले. त्यांच्या पत्नीने जपलेली चित्रे आज पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात आहेत. ती तिथे सुरक्षित आहेत आणि अभ्यासकाला नीट पाहता येतात. पण त्यांच्यापुढे कोणी मेणबत्ती लावत नाही. मुंबईच्या गल्ल्यांतले कित्येक क्रूस 1896 नंतरच्या प्लेगच्या दिवसांत लोकांनीच उभारले. त्यांना कलामूल्य म्हणावे असे थोडेच असते. तरी संध्याकाळी त्यांवर झेंडूची माळ असते, आणि ती घालणारा दर वेळी ख्रिस्तीच असतो असे नाही.