सहकर्तृत्वाचें मोजमाप : दोन अंकांचें परीक्षण

एका कृतीस अनेक हात लागले असतां कोणाचा वांटा केवढा, हा प्रश्न पोथ्या व दप्तरें चाळणारांस नित्याचा आहे. आधुनिक विज्ञानांत त्याचें उत्तर अंकांनीं देण्याचा प्रघात पडला असून नेमणूक, बढती व द्रव्यसाहाय्य यांचे निर्णय कित्येक ठिकाणीं अशा अंकांच्या आधारें होतात. त्यांपैकीं दोन मापांचें परीक्षण येथें करण्याचें योजिलें आहे. पहिलें कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेंतील पदार्थविज्ञानवेत्ते होर्हे हिर्श यांनीं २००५ सालीं सुचविलें. दुसरें म्हणजे त्यांत जर्मनींतील केम्निट्झ येथील मिखाएल श्रायबर यांनीं २००८ सालीं केलेली सुधारणा होय.

हिर्श यांची रीति अशी. संशोधकाच्या दहा निबंधांचा इतरांनीं प्रत्येकीं निदान दहा वेळां उल्लेख केला असेल, पण अकरा निबंधांचा अकरा वेळां केला नसेल, तर त्याचा अंक १०. माप सुटसुटीत आहे, व एकाच गाजलेल्या निबंधावर कोणी मोठा ठरूं नये हा त्यांतील हेतुही आम्हांस मान्य आहे. परंतु निबंधावर नांव एक असो वा शंभर, प्रत्येकास तो पुरा मिळतो. समजा, एकानें एकट्यानें दहा निबंध लिहिले व प्रत्येकाचा बारा वेळां उल्लेख झाला. दुसरीकडे पांच जणांनीं मिळून तितकेच निबंध लिहिले व उल्लेखही तितकेच झाले. पहिल्याचा अंक १०, आणि पांचांपैकीं प्रत्येकाचाही १० ! तेवढ्याच कामाचे एकीकडे १० व दुसरीकडे ५० झाले. एका गांवाचें उत्पन्न पांच वांटेकऱ्यांच्या नांवें प्रत्येकीं पुरें मांडणारा जमाखर्च कोणत्याही फडणिसानें मान्य केला नसता. सहकर्त्यांची ही अडचण हिर्श यांच्या ध्यानांत होती, व २०१० सालीं त्यांनीं तिच्यासाठीं निराळें मापही सुचविलें. पण प्रचारांत राहिलें तें पहिलेंच.

श्रायबर यांनीं हा जमाखर्च सुधारला. निबंधावर पांच नांवें असल्यास तो प्रत्येकाच्या खातीं पंचमांश धरावा, व अशा अंशांची बेरीज उल्लेखांच्या उतरत्या क्रमानें करीत जावें. वरील उदाहरणांत एकट्याचा अंक १० राहतो, पांचांपैकीं प्रत्येकाचा २ होतो. त्यांनीं उल्लेखांचे तुकडे न करतां निबंधाचेच अंश केले, त्यामुळें अनेकांनीं लिहिलेला गाजलेला निबंध गणनेंतून सर्वस्वीं गळत नाहीं. ही योजना विचारपूर्वक केलेली आहे.

तथापि समान वांटा म्हणजे न्याय्य वांटा नव्हे. १ एप्रिल १९४८ च्या ‘फिजिकल रिव्ह्यू’मध्यें मूलद्रव्यांच्या उत्पत्तीवर एक निबंध प्रसिद्ध झाला. कर्ते म्हणून आल्फर, बेथे व गॅमो अशीं तीन नांवें त्यावर आहेत. त्यांतील काम राल्फ आल्फर यांच्या विद्यापीठीय प्रबंधाचें. जॉर्ज गॅमो त्यांचे गुरु. हान्स बेथे यांचें नांव आल्फा, बीटा, गॅमा हा ग्रीक अक्षरांचा क्रम साधावा एवढ्याच विनोदानें गॅमोंनीं घातलें. दोन नामांकित नांवांच्या छायेंत आपण लोपूं, हें भय तरुण आल्फर यांस वाटलें, व तें अनाठायीं नव्हतें. अमेरिकेचें २००५ सालचें राष्ट्रीय विज्ञानपदक त्यांस दिलें गेलें तें २००७ सालीं. त्याच वर्षीं ते निवर्तले. आतां हिर्श यांच्या रीतीनें या तिघांसही पुरा निबंध मिळतो, श्रायबर यांच्या रीतीनें तिघांसही तृतीयांश. अक्षरक्रमासाठीं घातलेलें नांव व खरें काम करणाराचें नांव, यांत भेद दोहोंसही करतां येत नाहीं.

दुसरा दोष याहून गंभीर. हिर्श यांच्या रीतींत नांव वाढविण्यास कांहीं पडत नाहीं, म्हणून मानाचीं नांवें वाढतात. श्रायबर यांच्या रीतींत प्रत्येक नव्या नांवानें इतरांचा अंश घटतो, म्हणून नांव गाळण्याचा मोह होतो. आणि गाळलें जाईल तें प्रयोगशाळेच्या प्रमुखाचें नव्हे, कनिष्ठ साहाय्यकाचें. शिवाय २०१५ सालीं हिग्ज कणाच्या वस्तुमानावर निघालेल्या निबंधास ५१५४ कर्ते आहेत. त्याच्या ३३ पृष्ठांपैकीं २४ पृष्ठें नांवें व संस्था यांनींच भरलीं आहेत. तेथें प्रत्येकास ५१५४ वा अंश देणें म्हणजे कांहींच न देणें होय.

आपल्या पोथ्यांच्या पुष्पिका या बाबतींत अधिक चोख आहेत. तेथें ग्रंथकर्ता ‘विरचित’ या पदानें व नक्कल करणारा ‘लिखित’ या पदानें निराळा सांगितलेला असतो. कित्येकींत पोथी कोणासाठीं लिहिली हेंही असतें. तेथें नांवाबरोबर काम येतें. विज्ञानांतही २०१२ सालीं वेलकम ट्रस्ट व हार्वर्ड यांच्या पुढाकारानें झालेल्या बैठकींतून अशीच एक योजना निघाली. तींत कल्पना, पद्धति, प्रत्यक्ष शोध, पहिला मसुदा, देखरेख, द्रव्यप्राप्ति इत्यादि चौदा कामें ठरविलीं असून कोणीं कोणतें केलें तें निबंधांतच नमूद करावयाचें असतें. २०२२ सालीं ती अमेरिकेंत मानक म्हणून मान्य झाली. तिच्यांतही उणीव आहे : हें निवेदन कर्त्यांचेंच असतें, आणि वडील मंडळीपुढें धाकट्यांस त्यांत कितपत बोलतां येईल, हें सांगवत नाहीं. तरीपण लिखित निवेदन हा पुरावा आहे. तो तपासतां येतो, खोडूनही काढतां येतो. अंकाची उलटतपासणी करतां येत नाहीं.

सारांश, हिर्श यांचा अंक सहकर्तृत्वाच्या निवाड्यास निरुपयोगी आहे, असें आमचें मत झालें आहे. श्रायबर यांचा अंक फुगलेलें माप उघड करण्यापुरता घ्यावा. वांटणीपत्र म्हणून घेऊं नये. निवड करणारांनीं प्रथम कामांचें निवेदन वाचावें, मग निबंध वाचावा, व शेवटीं अंकाकडे पाहावें. संशयित सनदेच्या बाबतींत केवळ शिक्का पाहून कोणी संशोधक निकाल देत नाहीं. मग मनुष्याच्या आयुष्यभराच्या श्रमाचा निकाल एका अंकावर कां द्यावा?