दुःखाचा हेतू आणि दुःखाचा कर्ता

ख्रिस्ती घरात मयत झालं, पोरगं अंथरुणाला खिळलं, नोकरी गेली, की एक वाक्य हमखास कानावर येतं : 'ह्यातही देवाचा काही हेतू असेल.' म्हणणारा मायेनं म्हणतो. ऐकणाऱ्याला आधार होतो. पोटचं पोर गमावलेल्या बाईला ह्या वाक्यामुळं चार घास गिळता आले असतील तर त्याची टिंगल करण्याचा आपल्याला हक्क नाही. पण हेच वाक्य बहिष्कार पडलेल्या वस्तीत येऊन कोणी म्हणू लागला, तर त्याला तिथंच थांबवलं पाहिजे. ताप देवानं पाठवला की डासानं, ह्यावर वाद होऊ शकतो. विहिरीवर पहारा कोणी बसवला ह्यावर वाद नाही. तो गावानं बसवला. गावाच्या गुन्ह्याला देवाचा हेतू म्हणणं म्हणजे गुन्हेगाराला जामीन देणं.

बाबासाहेबांनी हा धोका फार स्पष्ट ओळखला होता. ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांवर त्यांनी लिहिलेले लेख त्यांच्या हयातीत पुस्तकात आले नाहीत. समग्र लेखनाच्या पाचव्या इंग्रजी खंडात १९८९ साली ते छापले गेले. त्यातला एक मुद्दा वर्मी बसणारा आहे. हिंदू असताना ह्या माणसाला सांगितलं की तुझी अवस्था तुझ्या पूर्वकर्मानं झाली. ख्रिस्ती झाल्यावर सांगितलं की ती आदिपुरुषाच्या पापानं झाली. म्हणजे देव बदलला, देऊळ बदललं, पण खापर पुन्हा आपल्याच डोक्यावर. ज्यानं ही अवस्था केली त्या समाजरचनेवर बोट ठेवायला त्याला ना तिथं शिकवलं, ना इथं.

ह्या आक्षेपाला ख्रिस्ती श्रद्धेकडं उत्तर आहे का? आहे, पण ते प्रवचनात कमी आणि शास्त्रात जास्त आहे. योहानाच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय काढा. जन्मांध भिकारी रस्त्यात बसलेला. शिष्य विचारतात, पाप कोणाचं, ह्याचं की ह्याच्या आईबापाचं? हा प्रश्न आपल्या ओळखीचा आहे. आपल्याकडं तो तीन हजार वर्षं विचारला गेला आणि त्याचं उत्तरही ठरलेलं होतं. येशू म्हणतो, ह्याचंही नाही, आईबापाचंही नाही. देवाची कामं ह्याच्या ठायी दिसावीत म्हणून, असं तो पुढं म्हणतो. प्रवचनकार बहुतेक इथंच थांबतात आणि आंधळेपणाला हेतू चिकटवून मोकळे होतात. येशू थांबत नाही. थुंकीनं चिखल करतो, डोळ्यांना लावतो, धुऊन ये म्हणतो. हेतू आंधळेपणात नव्हता. तो त्या चिखलानं भरलेल्या हातात होता.

आणि पुढं काय होतं? दृष्टी आलेल्या माणसाची परुशी उलटतपासणी घेतात. आईबाप भिऊन अंग काढून घेतात. तो मात्र वाद घालतो, टोमणे मारतो. शेवटी त्याला हाकलून देतात. अशा शिक्षेला मराठी शास्त्रात शब्द आहे 'सभाबहिष्कृत'. १९२७ साली 'बहिष्कृत भारत' काढणाऱ्याच्या वाचकाला हा शब्द समजावून सांगायची गरज नाही. बाहेर काढल्यावर येशू त्याला शोधत जातो. ही श्रद्धा आंधळ्याला 'सहन कर' म्हणत नाही. ती त्याला बघायला आणि बोलायला लावते आणि बाहेर फेकल्यावर त्याच्या बाजूनं उभी राहते. ह्या अध्यायाची मराठी समीक्षा वस्तीत राहून झाली असती तर आपलं ख्रिस्ती साहित्य वेगळं झालं असतं.

जुन्या करारातला ईयोब हा दुःखावरच्या लिखाणाचा मोठा दाखला मानला जातो. त्याचे मित्र येतात आणि त्याच्या दुःखाची सुंदर सुंदर कारणं देतात. ईयोब ऐकत नाही, देवालाच कोर्टात उभं करतो. शेवटी देव रागावतो तो मित्रांवर. खरं बोलला तो ईयोब, असा निवाडा देतो. म्हणजे दुःखाचं समर्थन करणारे पुराव्यासकट खोटे ठरतात. पण हे पुस्तकही आपण डोळे झाकून घ्यायचं कारण नाही. चोविसाव्या अध्यायात ईयोबाला उपाशीपोटी दुसऱ्याच्या पेंढ्या वाहणारे, तहानेनं जळत दुसऱ्याचा द्राक्षारस गाळणारे उघडेनागडे लोक दिसतात. तिसाव्या अध्यायात मात्र तोच ईयोब म्हणतो की आज मला हसणाऱ्या पोरांच्या बापांना मी माझ्या कळपाच्या कुत्र्यांसोबतही ठेवलं नसतं. संपत्ती गेली, अंगभर फोडं आली, तरी पाटीलकी गेली नाही! आणि शेवटी त्याला दुप्पट मेंढरं परत मिळतात. ज्यांच्याकडं मुळात मेंढरू नव्हतं त्यांचं काय मिळालं, ते पुस्तक सांगत नाही.

ते आपल्याकडं एका मुलीनं विचारलं. मुक्ता साळवे, मांगाची मुलगी, फुल्यांच्या शाळेत शिकणारी. तिचा मांग-महारांच्या दुःखावरचा निबंध फेब्रुवारी-मार्च १८५५ मध्ये अमेरिकन मिशनऱ्यांच्या 'ज्ञानोदया'त आला. तेल-शेंदूर पाजून इमारतीच्या पायात गाडलेली माणसं, बाळंतपणाला छप्पर नसलेल्या बाया, पेशवाईतली कापलेली डोकी, सगळं तिनं हिशेबासारखं मांडलं. आणि मग थेट देवाला विचारलं, की आम्हाला कोणता धर्म दिलास ते सांग. एकानंच भोगावं आणि बाकीच्यांनी तोंडाकडं बघावं असा धर्म पृथ्वीवर राहू नये, असंही तिनं बजावलं. मिशनच्या पत्रात छापूनही ती 'देवाचा हेतू' म्हणत नाही. दुःख कोणी केलं ते सांगते आणि औषध सांगते ज्ञान. मराठी प्रार्थनेचा इतका दलित नमुना दुसरा दाखवणं अवघड. मुक्ता ख्रिस्ती होती का, हा प्रश्न मला गौण वाटतो. देवाशी बोलायची ती रीत ईयोबाची आहे, त्यात पाटीलकी मात्र नाही.

लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'ला (१९३४ ते १९३६) प्रस्थापित समीक्षेनं डोक्यावर घेतलं ते प्रसन्न विनोदासाठी आणि टिळक नवराबायकोच्या रुसव्याफुगव्यासाठी. पुस्तक मोठं आहे, ह्यात वाद नाही. पण आपण ते वेगळ्या दारानं वाचलं पाहिजे. सुरुवातच सोवळ्यानं पछाडलेल्या बापापासून होते, धान्य तर सोडाच, मीठ-साखरही धुऊन घेणारा बाप. जातीचा रोग ब्राह्मणाच्या घरात माणसाला कसा पोखरतो, हे इतक्या हसतखेळत मराठीत कोणी लिहिलं नव्हतं. १८९५ साली टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी घेतला १९०० साली. मधल्या वर्षांत आधी त्यांची शिवाशिव गेली, मग श्रद्धा आली. हा क्रम महत्त्वाचा आहे. दुष्काळात पोरकी पोरं त्यांच्या घरात आली तेव्हा त्यांनी दुष्काळाचा हेतू शोधला नाही, भाकरी थापली.

तरी एक गोष्ट सांगायलाच हवी. लक्ष्मीबाईंकडं टाकायला काहीतरी होतं, सोवळं होतं, म्हणून ते टाकल्याची कथा झाली. महार ख्रिस्ती माणसाची स्मृतिचित्रं कुठं आहेत?  नगर जिल्ह्यात हजारोंनी ख्रिस्ती झालेली माणसं आपलीच. पण त्यांचं दुःख मिशनच्या अहवालात आकडा झालं आणि मराठी साहित्यात कोणाच्या तरी उदारपणाचा पुरावा.

ही उणीव ज्यानं विचारात भरून काढली तो आपलाच मराठी माणूस, अरविंद निर्मळ. १९८१ साली बंगलोरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात त्यांनी शूद्रांच्या ईश्वरशास्त्राची मांडणी केली आणि तिथून दलित ईश्वरशास्त्राची वाट फुटली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : कृतीच्या आधी वेदना येते, आणि देवाचं ज्ञान त्या वेदनेतूनच सुरू होतं. येशूची थट्टा झाली, त्याला टाकलं गेलं, क्रूसावर तो 'मला का टाकलंस' म्हणून ओरडला, म्हणून तो दलित. मंदिरातले सराफ त्यानं उधळले ते परराष्ट्रीयांच्या प्रार्थनेच्या जागेसाठी. हे वाचताना १९३० चा काळाराम सत्याग्रह आठवला नाही तर वाचणाऱ्याच्या वाचनातच खोट आहे.

पण निर्मळ पुढं देवाला सेवक म्हणतात, धोब्याचं आणि भंग्याचं काम करणारा देव. इथं माझा त्यांच्याशी झगडा आहे. देवाच्या हातात झाडू दिल्यानं झाडूवाल्याची मान वर झाली, खरं. पण झाडू सुटला का? हातानं मैला उचलण्याविरुद्ध १९९३ चा कायदा झाला, २०१३ चा झाला, तरी गटारात उतरलेली माणसं मेलेलीच बाहेर निघाली. सेवा ज्यानं निवडली त्याचा तो मोठेपणा. ज्याच्यावर ती लादली त्याच्या देवानं आधी झाडू फेकून द्यावा. येशूनं शिष्यांचे पाय धुतले, कारण तो गुरू होता. महारानं पाटलाचे पाय धुतले त्याला कोणी शुभवर्तमान म्हटलं नाही.

आणि ख्रिस्ती दलिताचं दुःख आज इतिहासजमाही झालेलं नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा हक्क धर्माला बांधला. १९५६ मध्ये शीख आत आले, १९९० मध्ये बौद्ध. आपण बौद्धांनी चौतीस वर्षं वाट पाहिली, ती चव आपल्याला ठाऊक आहे. २००७ मध्ये रंगनाथ मिश्रा आयोगानं ही धर्माची अट काढा म्हणून सांगितलं. २०२२ मध्ये बालकृष्णन आयोग नेमला गेला. गावानं जात सोडली नाही आणि सरकारनं म्हटलं, तुला जात नाही! ह्यात देवाचा हेतू कोणी शोधू नये. कलम शोधावं.

म्हणून ख्रिस्ती दलित लेखकांना एकच मागणं. तुमच्या प्रार्थनासभेत 'साक्ष' देण्याची रीत आहे. अर्धी रात्र लोक उभं राहून आपली कहाणी सांगतात. हा अस्सल मौखिक साहित्यप्रकार, त्याच्याकडं कोणा समीक्षकाचं लक्ष गेलं नाही. पण त्या साक्षीत 'मी फार दुःखात होतो' आणि 'देवानं निभावून नेलं' ह्या दोन वाक्यांच्या मधलं पान कोरं असतं. ते लिहा. दुःख कोणी दिलं, कोणत्या वेशीवर दिलं, आणि तुमच्या देवळात पुढच्या बाकावर कोण बसलं होतं, तेही लिहा. साक्ष हा शब्द देवळाचा आहे तसा कोर्टाचाही आहे. कोर्टात 'कोणी केलं' हे सांगितल्याशिवाय साक्ष पुरी होत नाही.