जामखेडचा ग्रंथ आणि रुग्णाची भाषा

डॉ. मेबल व डॉ. रजनीकांत आरोळे यांचा 'जामखेड' हा १९९४ सालचा इंग्रजी ग्रंथ आम्ही नुकताच पुन्हा वाचला. वेल्लोरला शिकलेल्या या ख्रिस्ती दांपत्याने १९७० साली जामखेड येथे कार्य आरंभिले. त्यांनी तयार केलेल्या आरोग्यसेविकांपैकी कित्येक स्त्रिया निरक्षर व दलित होत्या. ग्रंथाचे खरे बळ आम्हांस येथेच दिसते. बाळंतिणीकडे जाणारी बाई तिच्याच बोलीत बोलते, तिच्या चुलीवर काय शिजते हे जाणते. हल्ली 'रुग्णकेंद्री सेवा' म्हणून जे शिकविले जाते ते बहुधा गोड बोलण्यापाशी थांबते. आरोळ्यांनी ज्ञान व अधिकार दोन्ही गावाच्या हाती दिले.

तथापि जामखेडात सेविका व रुग्ण यांची भाषा एकच होती. आमच्या उणकलच्या परिसरात कन्नड, उर्दू व मराठी शेजारी नांदतात, आणि येथे तो धडा अपुरा पडतो. एका रुग्णालयात मराठी आजीबाईंचे दुखणे त्यांचा नातू कन्नडमध्ये सांगत होता. लघवीची तक्रार त्या नातवासमोर उच्चारीनात. कागदावर 'अशक्तपणा' एवढेच उतरले. डॉक्टर अत्यंत सौजन्यशील होते, हेही नमूद केले पाहिजे. मराठी जाणणारी परिचारिका त्याच कक्षात होती. तिला बोलाविण्याचे कोणास सुचले नाही.