गोंडवन : नाव आणि मालकी

आदिवासी कवितेवर मराठीत बरेच लिहिले गेले. पण बहुतेक समीक्षक तिच्यात वेदना, विद्रोह आणि निसर्ग शोधतात. जमीन शोधत नाहीत. विनायक तुमराम यांच्या ‘गोंडवन पेटले आहे’ (१९८७) या संग्रहाचे शीर्षकच पाहा. चर्चा होते ती ‘पेटले’ या शब्दाची. आमच्या मते खरा शब्द ‘गोंडवन’ आहे. ते एका मुलखाचे नाव आहे आणि नाव घेणे म्हणजे हक्क सांगणे होय.

हा हक्क गेला कसा? नागपूरच्या मुलखात भोसल्यांच्या आधी देवगडच्या गोंडांचे राज्य होते. १८५४ साली इंग्रजांनी भोसल्यांचे राज्य खालसा केले आणि १८६२ साली आमचा वर्धा जिल्हा वेगळा झाला. आम्ही उर्दू शिकवतो, म्हणून त्या काळातला ‘मालगुजार’ हा शब्द आम्हाला खटकतो. त्याचा मूळ अर्थ सारा भरणारा. इंग्रजांच्या बंदोबस्ताने मात्र त्यालाच गावाचा मालक ठरवले. पुढे १८७८ च्या वन कायद्याने जंगल ‘राखीव’ करण्याची वाट मोकळी केली. कोणासाठी राखीव, हे तो शब्द सांगत नाही.

याच सुमारास दूर दक्षिण अमेरिकेत अर्जेंटिनाचे सैन्य मापुचे व इतर आदिवासींच्या भूमीत शिरत होते. त्या मोहिमेला नाव दिले ‘वाळवंटावरील विजय’. तिथे माणसे राहत होती. पण वाळवंट म्हटले की मालक कोण, हा प्रश्नच उरत नाही.

मुस्लिम मराठी लेखकांनीही याचा विचार करावा. आपल्या लेखनात बख्त बुलंद शाह येतो तो इस्लाम स्वीकारणारा आणि नागपूर वसवणारा गोंड राजा म्हणून. त्याच्या गोंड रयतेच्या जमिनीचे पुढे काय झाले, हे कोणी विचारत नाही. इतिहासात आपली जागा मागणे रास्तच आहे. पण राजा आपला म्हणायचा आणि रयत परकी ठेवायची, हा न्याय नव्हे.

२००६ साली वनहक्क कायदा झाला. २००९ साली, तुमरामांच्या संग्रहानंतर २२ वर्षांनी, गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. आदिवासी कविता वाचताना हा कागदही शेजारी ठेवावा. मग ती नुसता आक्रोश वाटणार नाही, दावा वाटेल.